मागच्या मडगार्डवरची पाटी

गाडी चालवायला शिकले आणि त्याच महिन्यापासून मला बाबांची काळजी लागली. शाळा-कॉलेज मी सायकलवरच केलं होतं, त्यामुळे सायकलवरून मोटारी कशा दिसतात ते मला पाठ होतं. मोटारीतून सायकल कशी दिसते ते मात्र तेव्हा पहिल्यांदा कळलं. अहो, दिसतच नाही! आरशात नसते, नसते, आणि एकदम दाराला खेटून उभी असते. पहिल्या आठवड्यात स्वारगेटला एक आजोबा असे माझ्या बंपरपुढे उगवले, तेव्हा मी गाडी कडेला घेऊन बंदच केली. त्या दिवशी घरी येऊन मी बाबांना म्हटलं, "बाबा, सायकल सोडा आता."

"तू गाडी सोड," बाबा म्हणाले, आणि परत पेपरात डोकं घातलं.

बाबांचं हे असंच. कारखान्यात प्रेस शॉपला आयुष्य गेलेलं. पत्रा कापायची, ठोकायची ती अजस्र यंत्रं, दिवसभर धाडधाड आवाज. त्या आवाजात लांबण लावून बोलून भागत नसे, म्हणून चार शब्दांत समोरच्याला गार करायची सवय त्यांना तिथेच लागली असावी. बिबवेवाडीतून हडपसरला रोज सायकलने जायचे. पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच असायच्या आणि बसचा ड्रायव्हर निमूटपणे मागून यायचा, हे ते अजून अभिमानाने सांगत. निवृत्त झाल्यावर सायकल तीच राहिली, वाट बदलली. दुपारी चारला निघायचं, सातारा रस्त्याने स्वारगेट, पुढे सदाशिव पेठेतलं वाचनालय. तिथे दोन जुने मित्र आणि सगळे पेपर. सातच्या आत घरी.

या 'सातच्या आत'ने आमचा जीव खाल्ला. तोपर्यंत पुण्यात जो तो गाडी घेत सुटला होता. आमच्या कंपनीत नोकरी पक्की झाली की पहिलं काम गाडी बुक करणं, मीही तेच केलं. रस्ते मात्र होते तेवढेच. सात वाजून दहा मिनिटं झाली की आई गॅलरीत जायची. मी ऑफिसात असले तर तिथून फोन करायचे, "आले का गं?" ती म्हणायची, "नाही अजून." समोर प्रोग्राममधल्या चुका शोधायचं काम पडलेलं असायचं आणि डोळ्यांपुढे आडवी पडलेली सायकल. पाच मिनिटांनी परत फोन. "आले बाई, पाय धुताहेत." असं आठवड्यातून तीनदा तरी व्हायचं. मोबाइल घेऊन दिला, तर तो कपाटात ठेवून दिला त्यांनी. "माझ्या खिशात मला शोधणारं यंत्र नको," म्हणाले. मी इतकी चिडले की दोन दिवस बोलले नाही. त्यांना काही फरक पडला नाही.

आणि रस्त्यावर त्यांचं भांडण रोजचं. मागून कुणी हॉर्न वाजवला की हे हटकून तसेच मधून चालवणार. कडेला का घेत नाही म्हणून कुणी खेकसलं, तर, "कडेला तुमच्यासारख्यांनी गाड्या लावल्यात, तिथून कसा जाऊ?" कारखान्यातल्या सूचना तेच रंगवायचे, 'यंत्र चालू असताना हात घालू नये' वगैरे. अक्षर मोत्यासारखं. ते कसब आता सायकलवर उतरलं. मागच्या मडगार्डला त्यांनी पत्र्याची पाटी ठोकली, पिवळ्यावर काळी अक्षरं: 'हॉर्न वाजवून सायकलला पंख फुटत नाहीत.' सहा महिन्यांनी दुसरी: 'आपण माझ्या मागे आहात, यात माझा दोष नाही.'

"अहो, लोक चिडतात असलं वाचून," आई कळवळून म्हणायची.

"वाचतात ना? मग झालं."

मला हसूही यायचं आणि धडकीही भरायची. चिडलेला माणूस गाडी कशी चालवतो ते मला आता ठाऊक होतं, कारण मीच चिडून चालवायचे. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी पहिला धडा दिला होता तो हॉर्नचा. "मॅडम, वाजवत राहा. आपण आलोय हे समोरच्याला कळलं पाहिजे." मी वाजवत राहिले. सायकलवाला दिसला की दुरूनच सुरू. त्याला सावध करत्ये असं मी स्वतःला सांगायचे, पण खरं म्हणजे मला भीती वाटायची आणि भीती वाटली की माझा हात हॉर्नवर जायचा.

घरी मात्र हॉर्नचं आमचं एक ठरलेलं होतं. सोसायटीला वॉचमन नव्हता, फाटक आतून लावलेलं असायचं. गाडी आणली त्या दिवशी मी फाटकाशी दोनदा वाजवलं, पीं-पीं. बाबा तीन जिने उतरून आले, फाटक उघडलं आणि म्हणाले, "हा आपला हॉर्न. हजारात ओळखीन." गाडीबद्दल त्यांनी काढलेले ते पहिले बरे शब्द. पुढे रोज पीं-पीं केलं की चपलांचा आवाज यायचा. हळूहळू ते कमी झालं. कधी यायचे, कधी नाही. मला वाटलं, गाडीवरचा राग. मीही हट्टाने उतरून, गजांतून हात घालून स्वतः फाटक उघडायचे आणि वर जाऊन भांडी आदळायचे.

तिसरी पाटी त्याच सुमाराला लागली. 'ऐकू येत नाही. हॉर्न वाजवू नये.'

आम्ही खदाखदा हसलो. आई पदर तोंडाला लावून हसली. "काय हो हे! लोक म्हणतील काय!" मी म्हटलं, "बाबा, आधीच्या दोन्हींपेक्षा ही झकास जमलीय." बाबा आमच्याकडे बघत राहिले. नंतर ब्रश रॉकेलमध्ये बुडवून पुसायला लागले. काही बोलले नाहीत. त्यांच्या न बोलण्यालाही आम्ही टोमणाच समजायचो.

पाटी गाजली. कुणीतरी सिग्नलला मोबाइलवर फोटो काढला आणि तो ईमेलवरून ऑफिसाऑफिसांत फिरत माझ्याकडे आला. विषय: 'ओन्ली इन पुणे'. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. फोटोत बाबांची पाठ, खाकी टोपी, पिवळी पाटी. मी काय करावं? मीही तो पुढे पाठवला. सगळ्या टीमला. वर लिहिलं, 'हे माझे बाबा!' दिवसभर लोक येऊन सांगत होते, काका भारीच आहेत. मला फार छान वाटलं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यानंतर महिनाभरात ते झालं. आईचा चष्मा टिळक रस्त्यावरच्या दुकानातून आणायचा होता म्हणून मी अर्धी रजा टाकली होती. चष्मा घेऊन परत निघाले तेव्हा सहा-सव्वासहा झाले असतील, चांगला उजेड होता. स्वारगेट ओलांडून सातारा रस्त्याला लागले आणि पुढे दोन गाड्या सोडून पिवळी पाटी दिसली. मी रोज फोनवरून जे मनात बघायचे ते आता काचेतून दिसत होतं. बाबा रस्त्याच्या मध्याकडे सरकून सरळ रेषेत चालले होते, कारण कडेला टेम्पो आणि स्कूटर लावलेल्या. त्यांच्या मागे कुठल्याशा कॉल सेंटरची जीप, पोरं भरलेली. जीपवाला हॉर्नवरून हात काढत नव्हता. बाबा ढिम्म.

जीपमधली पोरं खिडकीतून डोकावून पाटी वाचत होती, हसत होती. ड्रायव्हरला जास्तच चेव आला. लांबलचक हॉर्न, मग तुटक, परत लांबलचक. मी गाडीत एकटी ओरडत होते, "बाबा, घ्या ना बाजूला! कशाला हट्ट करता!" काच खाली केली आणि मोठ्याने हाक मारली. एकदा, दोनदा. बाजूच्या रिक्षावाल्याने वळून बघितलं. बाबांनी नाही. शेवटी मी हॉर्न दाबला. आपला. पीं-पीं. त्यांना कळेल की मी आहे, चिडतील, पण निदान वळून बघतील. पीं-पीं. पुन्हा, पीं-पीं.

बाबांची मान जराही हलली नाही. त्या क्षणी माझा हात हॉर्नवरून निघाला. कारण हट्टी माणसाची मान अशी नसते. हट्टी माणूस ऐकतो आणि मान ताठ करतो. ही मान आपली सैल होती, रस्ता बघणारी, निवांत.

जीपवाल्याने डावीकडे जेमतेम फट मिळताच गाडी घातली. नेमका तेव्हाच बाबांनी समोरचा खड्डा चुकवायला हँडल डावीकडे वळवलं. जीपचा आरसा कोपराला लागला आणि बाबा सायकलसकट आडवे झाले. मी गाडी तशीच रस्त्यात सोडून धावले. दार उघडं, मागे सगळ्यांचे हॉर्न सुरू.

मी पोचेपर्यंत गर्दी जमली होती. बाबा उठून बसले होते, उजवं मनगट डाव्या हातात धरून. जीपवाला उतरला होता. माझ्यापेक्षा लहान असेल, नागपूरकडचा. चेहरा पांढराफटक. "काका, एवढा हॉर्न वाजवून राह्यलो होतो ना मी! मले वाटलं, तुम्ही मुद्दाम करून राह्यले! ते पाटी वाचून मले वाटलं, पुणेवाले असंच लिहितात." गर्दीतले एक गृहस्थ वाकून बाबांच्या अगदी तोंडासमोर ओरडले, "अहो काका, ऐकू येत नाही का?"

बाबांनी त्यांच्या ओठांकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "मागे लिहिलंय की."

सगळे हसले. देवाशपथ सांगते, मनगट मोडलेला माणूस रस्त्यावर बसलाय आणि माणसं हसली. त्यांचा तरी काय दोष? आम्ही घरचे हसलो होतो. मी बाबांच्या पाठीशी उभी होते. "बाबा," मी म्हटलं. वळले नाहीत. खांद्याला हात लावला तेव्हा दचकले आणि मला बघून म्हणाले, "तू इथे कुठे?"

मनगटाला प्लास्टर घालून घरी आणलं. वाटेत ते बाहेर बघत होते, मी एका हाताने डोळे पुसत चालवत होते, आणि हॉर्नला माझा हात लागला नाही. एकेक गोष्ट आठवत होती. टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघायचे. विचारलं तर, "ऐकण्यासारखं काय असतं त्यात?" घरातला फोन वाजला की, "तू घे, मला कोण फोन करणार?" कपाटातला तो मोबाइल. सगळ्यांवर आम्ही हसलो होतो नाहीतर चिडलो होतो.

घरी आईने चहा टाकला. ती स्वयंपाकघरात रडत होती. मी बाबांच्या समोर बसले, चेहरा त्यांच्याकडे करून सावकाश बोलले. "कधीपासून?"

"प्रेस शॉपमध्येच सुरू झालं. निम्मं खातं बहिरं होतं आमचं." ते थोडे हसले. "दोन वर्षांत फार गेलं."

"मग सांगितलं का नाही हो?"

"घरात सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी सायकल काढून घेतली असती. ज्यांना कळायला हवं होतं त्यांच्यासाठी लिहिलं की स्वच्छ अक्षरात." मग म्हणाले, "आणि तसं अगदीच गेलेलं नाही. तुझा हॉर्न येतो मला. फाटकाशी वाजवतेस तो. गॅलरीत असलो की बरोब्बर कळतं."

गॅलरीतून फाटक दिसतं. गाडी दिसायची त्यांना. हे त्यांना खरंच कळलं नव्हतं की कळून घ्यायचं नव्हतं, मला माहीत नाही. मी खाली बघितलं. त्यांनी लगेच ओळखलं.

"तू किती मागे होतीस?"

"दोन गाड्या."

"वाजवलास?"

तिथे मी नाही म्हणायला हवं होतं. एवढं साधं खोटं, आणि मला जमलं नाही. मी होकाराची मान हलवली.

"आपला?"

मी परत मान हलवली आणि तीन बोटं दाखवली.

बाबांनी डावा हात अवघडत उजव्या खिशात घातला, सायकलची किल्ली काढली आणि टेबलावर माझ्या गाडीच्या किल्लीशेजारी ठेवली. ही किल्ली मिळावी म्हणून चार वर्षं मी भांडले होते, रडले होते, देवाला नारळ बोलले होते.

"ठेव," ते म्हणाले. "आता चार वाजता काय करायचं, ते तेवढं लिहून दे मला."

या वेळी कुणीच हसलं नाही. मी कागद शोधायला उठले.