केझियाच्या न छापलेल्या चार ओळी

केझिया हॅस्लमची पहिली कविता मी डोळ्यांनी वाचली, आणि ती कागदावर नव्हती. आमच्या साचेखात्यात कापड विणायची यंत्रं, म्हणजे साचे, दीड हजार, आणि सगळे एकदम धडधडायचे. तिथे कानाशी येऊन कुणी बोंब मारली असती तरी पत्ता लागला नसता. म्हणून इंग्लंडातल्या आमच्या रॅमशॉ गावच्या विणकरणी ओठांनी बोलतात. आवाज काढायचा नाही, तोंड मोठं करून शब्द नुसता घडवायचा, समोरची तो वाचते. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची सासू पुन्हा येऊन राहिली, सगळं आम्हाला असंच कळायचं. जॉबरची, म्हणजे आमच्यावरच्या मुकादमाची, टिंगलसुद्धा त्याच्या पाठीमागे दोन हातांच्या अंतरावर उभं राहून करायचो. माझे चार साचे आणि केझियाचे चार साचे समोरासमोर. त्यामुळे ती जे काही पुटपुटायची ते अकरा वर्षं माझ्या डोळ्यांपुढे होतं.

सुरुवातीला मला वाटलं, बाई प्रार्थना करतेय. मग लक्षात आलं की तिच्या ओळी साच्यांच्या ठोक्यावर पडतायत आणि शेवटचे शब्द एकमेकांना जुळतायत. मी तिला विचारलं, हे काय चाललंय. ती म्हणाली, पाय दुखतात, ते विसरायला करते. तिचे वडील हातमागावरचे विणकर होते, बायबल अर्धं तोंडपाठ असलेले, आणि त्यांनी दोन्ही मुलींना रविवारच्या शाळेआधीच वाचायला शिकवलं होतं. पण त्या घरात कविता करणारं कुणी नव्हतं. हे खूळ तिचं एकटीचं.

धाकटी सेलिना केझियाच्या शेजारच्या साच्यांवर. सतरा वर्षांची, सारखी हसणारी, आणि केझियाच्या कवितांची नक्कल करून साच्यांच्या आख्ख्या रांगेला हसवणारी. फेब्रुवारीत तिला खोकला लागला आणि ऑगस्टमध्ये आम्ही तिला चॅपलमागे पुरलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. धोटा म्हणजे साच्यातून आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा. त्यात दोऱ्याची नवी कांडी घातली की दोऱ्याचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढावं लागतं. हाताने करत बसलं तर साचा उभा राहतो. म्हणून भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. दोरा येतो. त्याच्याबरोबर धूळ येते, तेल येतं, आणि आधी तो धोटा जिच्याकडे होता तिची थुंकीही येते. याला आम्ही धोट्याचा मुका म्हणायचो. दिवसाला तीनशे मुके. नवऱ्याला एवढे दिले असते तर तो दारू सोडून संत झाला असता, असं आमच्यातली एक म्हणायची.

सेलिना गेली त्या सोमवारी केझिया जॉबरकडे गेली आणि बहिणीचे धोटे मागितले. आठवण म्हणून. लाकूड सेलिनाच्या बोटांनी गुळगुळीत झालं होतं. जॉबरला काय, धोटे सारखेच. त्याने बदलून दिले. आम्हा सगळ्यांना गहिवरून आलं. मीही रडले. एकीलाही वाटलं नाही की हे करू नये. मेलेल्या बहिणीची शाल घ्यावी तसे तिने ते घेतले, आणि दिवसाला तीनशे वेळा ओठांना लावले.

दुसऱ्या वर्षी नाताळाआधी तिने साच्यापाशी रक्त टाकलं. मालकाच्या पांढऱ्या कापडावर ते पडू नये म्हणून हातात झेललं, हे मी पाहिलं.

मग दीड वर्ष अंथरूण. पुढच्या खोलीत, खिडकीशी. छातीतलं दुखणं घशात उतरलं आणि आवाज गेला. नुसती फुसफुस उरली. डॉक्टर आले, आईला बाहेर नेऊन म्हणाले, पानं गळेपर्यंत. केझियाने ते दाराच्या फटीतून त्यांच्या ओठांवर वाचलं. विणकरणीपासून काय लपवणार. त्या डॉक्टरना तिने पाटीवर लिहून विचारलं होतं, की दुखणं धोट्यातून आलं असेल का. ते हसले. म्हणाले, दुखणं रक्तातच असतं, बहिणीला होतं ते तुला.

ती साखर बांधून येणाऱ्या निळ्या कागदाच्या पाठीवर लिहायची. रोज संध्याकाळी मी जायचे, ओटची भाकरी आणि चहा न्यायचे, तिने खाल्लं तर ठीक, नाहीतर मी खायचे. तिने 'धोटा' नावाची कविता त्या हिवाळ्यात पुरी केली. शेवटच्या चार ओळी तिने मला ओठांनी म्हणून दाखवल्या:

हा धोटा माझ्या ओठांशी आला
सेलिनाच्या ओठांची ओल घेऊन;
दोरा ओढला, की श्वास तिचा तो?
गिळला मी, साचे चालू ठेवून.

मी तिला म्हटलं, हे कुणाला दाखवू नकोस. ती म्हणाली, हे दाखवायचं नसेल तर मी कशाला जगतेय.

दाखवलं गेलंच. पाद्री फॉसेटसाहेब मरणाऱ्यांच्या भेटीला यायचे, तसे तिच्याकडेही आले. त्यांना ते निळे कागद सापडले. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. त्यांनी कविता नेल्या, दोन-तीन वर्तमानपत्रांत छापून आणल्या, खाली लिहिलं, 'मृत्युशय्येवरील गिरणी-कन्येचे गाणे'. मग काय विचारता. कुठून कुठून बायका पत्रं पाठवू लागल्या, जेली पाठवू लागल्या, एकीने तर कफनाला लावायला लेस पाठवली. पुस्तक काढायचं ठरलं. फॉसेटसाहेबांनी प्रस्तावनाही लिहून ठेवली, त्यात होतं की वाचकाच्या हाती हे पुस्तक पडेल तेव्हा लिहिणारा हात थंड झालेला असेल.

आणि केझिया बरी झाली.

कशी, ते कुणाला सांगता आलं नाही. पानं गळली, पुन्हा फुटली, आणि एप्रिलात एके दिवशी तिने आख्खी भाकरी चीजबरोबर खाल्ली आणि अजून आहे का विचारलं. जूनमध्ये ती चॅपलपर्यंत चालत आली. आवाज मात्र परत आला नाही. फॉसेटसाहेबांचा चेहरा मी पाहिला. तोंडाने देवाचे आभार मानत होते, पण प्रस्तावना नव्याने लिहावी लागणार हे कपाळावर दिसत होतं. जेली यायची बंद झाली. मरणाऱ्या मुलीची गाणी लोकांना हवी होती. जगलेल्या मुलीचं काय करायचं ते त्यांना कळेना.

तरी पुस्तक छापायला गेलं. ऑगस्टमध्ये साहेब छापलेली पानं घेऊन तिच्या घरी आले. त्यांना तिची फुसफुस कळत नसे आणि ओठ वाचता येत नसत, म्हणून मध्ये बोलायला मला बोलावलं. केझियाने पानं उलटली, 'धोटा'वर आली आणि थांबली. शेवटी असं छापलं होतं:

धन्य तो धोटा, धन्य ते दुखणे,
देवाने दिधली कृपेची खूण;
मंजुळ साच्यांच्या अंगाईमध्ये
निजते मी त्याचे नाव घेऊन.

मंजुळ साचे! ज्याने हे लिहिलं त्याला दहा मिनिटं आमच्या खात्यात उभं करायला हवं होतं. साहेब म्हणाले, मूळच्या ओळी जरा कडवट होत्या, गिरणीचे मालक ग्रेस्टन स्वतः पुस्तकाला मदत करतायत, आणि आजारातून उठवणाऱ्या देवाचे आभार त्यात नव्हते.

केझियाने माझ्याकडे वळून ओठांनी म्हटलं, सावकाश, एकेक शब्द, "यांना सांग, या माझ्या ओळी नाहीत. सेलिनाच्या ओळी परत घाला, नाहीतर पुस्तकावरून माझं नाव काढा."

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी टोपी हातात धरली होती, आमच्यासारखीच्या घरात टोपी काढणारा तो पहिला साहेब. माझा नवरा ग्रेस्टनच्या गिरणीत, मी तिथेच, माझी दोन्ही मुलं तिथेच.

मी म्हटलं, "ती म्हणतेय, फार उपकार झाले, साहेब. सगळं ठीक आहे."

केझियाचा आवाज गेला होता, कान नव्हते गेले. तिने ते ऐकलं. पाटी तिच्या मांडीवरच होती, पेन्सिलही होती, पण तिने हात लावला नाही. साहेब खूश होऊन गेले. ते गेल्यावर तिने मला चहा करून दिला. दोन शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते.

वाचनालयाच्या सभागृहात शनिवारी दुपारी, गिरणी सुटल्यावर, पुस्तकाचा समारंभ ठेवला. पुढच्या तीन रांगांत साहेबलोक आणि त्यांच्या बायका, मागे आम्ही, साडेतीनशे तरी असू, लाकडी तळाचे बूट खडखडवत आलेल्या. मंचावर मालक ग्रेस्टन मध्ये, एका बाजूला फॉसेटसाहेब उभे, आणि खुर्चीत केझिया, आईच्या काळ्या पोशाखात. तिला तिथे दाखवायलाच बसवलं होतं.

साहेब वाचायला लागले. आवाज चांगला होता त्यांचा. पण ते आमचे शब्द असे उच्चारायचे की जणू रस्त्यात सापडलेली वस्तू धुऊन हातात धरलीय. 'धोटा' आली. पहिली कडवी तशीच होती, केझियाची. ती मान खाली घालून ऐकत होती. शेवटचं कडवं आलं तेव्हा तिने मान वर केली. साहेबांनी "धन्य तो धोटा" म्हटलं, आणि त्याच वेळी तिचे ओठ उघडले.

तोंड मोठं करून, साचेखात्यात बोलायचो तसं. *हा धोटा माझ्या ओठांशी आला.*

साहेबांना ते दिसलं नाही, ते पुस्तकात बघत होते. ग्रेस्टनला वाटलं असेल, पोर आपलीच कविता मनात म्हणतेय, किती गोड. पुढच्या तीन रांगांना एकच कविता ऐकू आली. आम्ही मागच्या साडेतीनशेंनी दुसरी वाचली. सेलिनाचं नाव वाचलं. श्वासाचं वाचलं. गिळल्याचं वाचलं. माझ्या पुढे एक म्हातारी बसली होती, दोन मुली छातीच्या दुखण्याने घालवलेली. एकीचे धोटे दुसरीला मिळाले होते. तिचा हात हळूच स्वतःच्या तोंडावर गेला. मग पलीकडचीचा गेला. बघता बघता मागच्या सगळ्या रांगांत बायका तोंडावर हात धरून बसल्या.

केझिया शेवटच्या ओळीनंतर माझ्याकडे बघत होती. यावेळी मध्ये बोलणारी कुणी लागली नव्हती. मला लाजेने मरावंसं वाटलं आणि तिच्याबद्दल इतका अभिमान वाटला की बसवेना.

पुढच्या रांगांनी मागे वळून आम्हाला पाहिलं आणि त्यांना वाटलं की आम्ही हेलावलोय. ग्रेस्टनच्याही डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला सांगू. तो उठला, म्हणाला की अशा गुणी मुलीला नुसत्या पुस्तकाच्या भरवशावर सोडणं त्याच्या मनाला पटत नाही. देवाने तिला बरं केलं, आता तिचं काम तिला परत देणं हे त्याचं कर्तव्य. तिचे तेच चार साचे, त्यावरच्या सगळ्या सामानासह, सोमवारपासून. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. मालक समोर उभा असताना काय करणार.

ती सोमवारी आली. न येऊन खाणार काय होती? पुस्तक थोडं खपलं, मग विसरलं गेलं. जगलेल्या कवयित्रीचं दुसरं पुस्तक काढायला कुणी आलं नाही. साच्यांवर सेलिनाचे ते जुने धोटे होते. तिने एकदाच त्यांच्याकडे पाहिलं आणि कामाला लागली.

त्यानंतर केझिया नऊ वर्षं जगली. दुखणं एकदा हरवलं तिने, हे खरं. डॉक्टर रस्त्यात भेटले की टोपी उचलायचे. पण ती साच्यांवर ओळी म्हणायची थांबली होती. तिच्या शेवटच्या हिवाळ्यात, खोकला पुन्हा लागला तेव्हा, मी न राहवून साच्यांवरून विचारलं, काही नवीन करत का नाहीस. आणि इतक्या वर्षांनी तेही म्हणून टाकलं, की त्या दिवशी मी साहेबांना खोटं सांगितलं त्याची मला माफी दे.

ती हसली. ओठ नीट मोठे करून म्हणाली, "माफ तर तुला कधीच केलं मी. तुला भीती होती. पण त्या शनिवारी तुम्ही सगळ्यांनी वाचलं, लेटिस. साडेतीनशेंनी. आणि सोमवारी एकीनेही धोटा तोंडाला लावायचा सोडला नाही. मीसुद्धा नाही. मग आणखी कविता कुणासाठी करू?"

ती उत्तराची वाट बघत होती. माझ्या तिसऱ्या साच्याची कांडी तेवढ्यात संपली, मी नवी घातली, वाकले आणि धोट्याला ओठ लावले. उत्तर द्यायला माझं तोंड मोकळं नव्हतं.