काहीच न विचारणारं गिऱ्हाईक

सेवेतली बरीचशी प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. कुठला आरोपी कुठल्या ठाण्यातला, हे आठवायला बायकोची मदत घ्यावी लागते. पनवेलच्या मासळी बाजारातलं प्रकरण मात्र जसंच्या तसं लक्षात आहे. त्यात ना खून होता, ना दरोडा. निवृत्ती जवळ आली होती आणि असली प्रकरणं आपल्याला आता काय नवीन शिकवणार, अशा थाटात मी वावरत होतो.

सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात नवीन पनवेलच्या एक शिक्षिका तक्रार घेऊन आल्या. मोबाईलवर ‘घरपोच ताजी मासळी’ अशी जाहिरात होती. तिच्यावर मासळी बाजारातल्या एका मावशींचा फोटो होता, हातात पापलेट आणि तोंडभर हसू. बाईंनी पापलेट मागवलं. ते खाऊन त्यांचे सासरे थेट रुग्णालयात दाखल झाले.

“अहो साहेब, मावशींचा चेहरा बघून मागवलं हो! इतकी वर्षं त्यांच्याकडून घेतोय. अनोळखी माणूस असता तर मी ऑर्डर केलीच नसती,” बाई म्हणाल्या.

चौकशी केली तर आसपासच्या आणखी काही घरांत हाच प्रकार झालेला. फसवणुकीचा गुन्हा दाखल केला. जाहिरातीतला नंबर कळंबोलीत काम करून गेलेल्या एका मजुराच्या नावावर निघाला. पैसे जमा होणारं खातंही त्याचंच. तो माणूस कधीच गावी परतला होता, त्याची कागदपत्रं दुसराच कोणीतरी वापरत होता. माल पोचवणाऱ्या रिक्षावाल्याने मालक पाहिलेला नव्हता. हायवेच्या कडेला एका बंद टपरीमागे डबे ठेवलेले असायचे आणि फोन आला की तो ते डबे उचलून पोचवायचा.

मग बाजारातल्या आमच्या खबऱ्याने बातमी आणली. “साहेब, मावशीचाच उद्योग आहे. पोराला नवी गाडी घेतलीय.” बाजारातल्या खबरीवर मी एकदम विश्वास ठेवत नसे, कारण तिथे शेजारणीच्या माशांच्या पाटीवरची गर्दी कुणालाच बघवत नाही. तरी मावशींना ठाण्यात बोलावणं भाग होतं.

मावशी उरणकडच्या एका कोळीवाड्यातल्या. नऊवारी घट्ट कासोटा मारून नेसलेली, अंबाड्यात अबोलीचा गजरा. ठाण्यातल्या बाकावर बसायलाही तयार नव्हत्या. म्हणाल्या, “वास लागंल तुमच्या बाकाला.”

मी जाहिरात दाखवली. त्यांनी फोटो जवळ नेऊन पाहिला.

“ही मीच हाय. पन ह्यो धंदा माजा नाय, साहेब. आमी म्हावरा तोंडासमोर इकतो. गिऱ्हाईक कल्ला उघडून लाल हाय का बगतं, मंग घासाघीस करतं, मंग घेतं. मोबाईलवर कल्ला कसा उघडनार?”

“फोटो कोणी काढला?”

“कोन ना कोन रोज काडतंय. मी आपली हसते. हसायला काय पैशे लागतात?”

पोराच्या गाडीचीही खातरजमा केली. ती कर्जाची निघाली आणि हप्ते तो स्वतःच्या नोकरीतून फेडत होता. माझा स्वतःचा मावशींवर संशय उरला नव्हता. पण माझ्या मनात काय आहे, ते बाजाराला कसं कळणार? सोसायट्यांच्या ग्रुपवर मावशींचा फोटो फिरत होता आणि खाली ‘हिच्यापासून सावध’ असं लिहिलेलं होतं. मावशींना आम्ही आणखी दोनदा बोलावलं, त्यामुळे संशयाला पोलिसांचाच शिक्का बसला. याचं मला वाईट वाटत होतं, पण तपास अर्धवट सोडता येत नव्हता.

डबे कोणी मावशींच्या पाटीवरून नेतं का, हे बघायला मी साध्या वेशातली एक महिला शिपाई बाजारात बसवली. ही मुलगी अलिबागकडची. मासळीतलं कळणारी आणि बोलायला फटकळ.

तिने येऊन सांगितलं, “साहेब, डबे कसले नेतायत? तिथे माशीसुद्धा फिरकत नाही. जुनी गिऱ्हाइकं समोरून मान वळवून जातात. कोणी थांबलंच तर, ‘काय ओ मावशी, असं कसं केलंत?’ म्हणून टोमणा मारतं. परवा एक आजी आल्या, हात धरून रडल्या, पण मासे नाही घेतले. सगळी पाटी शेवटी मावशी हॉटेलवाल्याला मिळेल त्या भावात देऊन टाकतात. एक माणूस तेवढा नियमाने येतो आणि पिशवी भरून घेऊन जातो.”

“तो काय बोलतो?”

“काहीच नाही. पिशवी पुढे करतो, पैसे देतो, जातो.”

“प्रकरणाबद्दल काही विचारतो?”

“नाही साहेब. एका शब्दाने नाही.”

इथे माझं डोकं ठिकाणावर आलं. ज्यांचा संशय होता ते विचारत होते, ज्यांना दया येत होती तेही विचारत होते. बायकोवर जीव असलेला नवरासुद्धा तिच्याबद्दल असली बातमी आली तर एकदा तरी ‘हे काय गं?’ म्हणेल. या गृहस्थाला काहीच कसं विचारावंसं वाटलं नाही?

मी मावशींकडे त्याचा विषय काढला. त्यांचा चेहराच बदलला.

“त्यो? देवमानूस हाय, साहेब. सगले सोरून गेले, त्यो एकटाच येतो. आदीपन कल्ला बगायचा नाय, आतापन बगत नाय. मी देईन ते घेतो. त्याच्यासाठी मी चांगली सुरमय बाजूला काडून ठेवते.”

पुढचं काम सोपं होतं. गृहस्थ उरणजवळच्या द्रोणागिरीतल्या एका शीतगृहात पर्यवेक्षक होता. परदेशातून नाकारून परत आलेली, मुदत संपलेली मासळी नष्ट करायची जबाबदारी त्याच्याकडे होती. नष्ट किती होत होती, हे विचारणारं कोणी नव्हतं. मालकाचा त्याच्यावर पूर्ण भरवसा.

मी त्याला ठाण्यात बोलावून चहा पाजला. जाहिरातीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

“मावशींकडूनच मासे का घेता?”

“ताजे असतात.”

“सगळं पनवेल तर उलटं सांगतंय.”

“छे हो! ती बाई असलं कधीच करणार नाही.” हे त्याने इतक्या ठामपणे सांगितलं की खोटं वाटू नये. ते खरंच होतं.

“एवढी खात्री आहे, तर मग आम्हाला येऊन का नाही सांगितलंत? तिला आम्ही पुन्हा पुन्हा इथे बसवत होतो. तुमच्या एका जबाबाने तिचा जीव भांड्यात पडला असता.”

त्याने कप खाली ठेवला. मी माझा चहा सावकाश संपवत बसलो. चौकशीत शांत बसणं हे आरडाओरड्यापेक्षा जास्त कामाचं असतं, हे नव्या अधिकाऱ्यांना पटत नाही. शेवटी तो म्हणाला, “तिच्यावर एवढं येईल असं वाटलं नव्हतं, साहेब.”

घरझडतीत त्या मजुराच्या नावाचं सिम घातलेला फोन मिळाला आणि त्यात मावशींचा तो हसरा फोटोही. पंचांसमक्ष त्याचा फ्रीज उघडला. आत मावशींची सुरमई होती. स्वतःच्या पोरांच्या ताटात त्याने शीतगृहातला माल कधीच वाढला नव्हता. तेवढी एकच गोष्ट पाहून मला त्याची खरी चीड आली.

अटक झाल्यावर मी मावशींना पुरवणी जबाबासाठी बोलावलं. आरोपी सापडला म्हटल्यावर त्यांनी हात जोडले. कोण ते सांगितल्यावर मात्र मान हलवली.

“चुकलाय तुमी, साहेब. दुसरा कोन असंल.”

मी पंचनाम्यातल्या वस्तू सांगितल्या. फ्रीजमधल्या सुरमईबद्दलही सांगितलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिल्या. मला राहवलं नाही. म्हटलं, “मावशी, आता सगळी गिऱ्हाइकं परत येतील बघा. ज्यांनी पाठ फिरवली, तेच लाजतील.”

“त्यांचा मला राग नाय, साहेब. त्यांना ठाव नवतं, म्हनून ते आले नाय.” त्यांनी डोळे पुसले. “याला ठाव होतं, म्हनून येत होता.”

जबाब लिहून घेणारा रायटर माझ्याकडे बघू लागला. कायद्याच्या दृष्टीने या वाक्याला काही किंमत नव्हती. मी म्हटलं, “लिहून घे.”

गिऱ्हाइकं खरोखर परत आली. मी मात्र या प्रकरणानंतर एक सवय सोडली. एखाद्याच्या पडत्या काळात जो सोबत उभा दिसतो, तो भलाच असणार असं मी धरून चालत असे. आता तो का उभा आहे, हेही बघतो.

दोषारोपपत्रावर सही करताना मी ते पुन्हा वाचलं. फसवणूक झालेल्यांमध्ये शिक्षिका बाई होत्या आणि मासे मागवणारी इतर घरं होती. मावशींचं नाव फक्त साक्षीदारांत होतं. कलमांप्रमाणे ते बरोबरच होतं, कारण त्यांनी त्याच्याकडून काही विकत घेतलं नव्हतं. मी सही केली. पण त्या प्रकरणात सगळ्यात जास्त फसवली गेली ती ही साक्षीदारच, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.