मशीनच्या डोळ्यात कुंकू

मी एकदा एका मशीनच्या डोळ्यात कुंकू भरलं होतं. आता लपवून उपयोग नाही. सौंसरात त्या वेळी जे जे गोदामात होते त्या सगळ्यांना ते ठाऊक आहे, आणि त्यांतले बरेच जण अजून खणखणीत आहेत. त्यांनी सांगण्यापेक्षा मीच सांगते. निदान माझ्या बाजूने थोडं सजवून सांगता येईल.

पण खरं म्हणजे मला आमच्या मुकादमांबद्दल सांगायचं आहे. मी त्यात आहे ती फक्त मूर्खपणापुरती.

ऐंशीच्या दशकातले दिवस. नागपूर रस्त्यावर एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठजींचं गोदाम होतं. संत्र्याच्या हंगामात पांढुर्णा, बोरगाव, रामाकोना, सगळीकडून पेट्या तिथे येत आणि ट्रकांत भरून दूर जात. मी तिथे बिल्टी लिहायचे. बिल्टी म्हणजे मालाची चिठ्ठी: माल कोणाचा, कुठे चालला, पेट्या किती. बावीस वर्षांची होते. बी.ए.च्या पहिल्याच वर्षी नापास झाले होते, पण लोकांना "बी.ए.पर्यंत झालंय" असं सांगायचे. हातात घड्याळ असायचं. ते बंद होतं, तरी मी ते दर दहा मिनिटांनी बघायचे.

मुकादम आठ हमालांचे मुखिया. रामाकोन्याच्या बौद्ध घरातले. बुटके, मानेने रुंद, खांद्यावर पेटी ओढायचा लोखंडी आकडा. त्यांची एक सवय होती. पेटी समोर आली की मान कलती करायची, मधल्या बोटाच्या पेराने फळीवर दोनदा ठोकायचं आणि म्हणायचं, "आयकू द्या जरा." आपण बोलत असलो तर गप्प व्हावं लागायचं. डॉक्टर छातीला नळी लावतो तेव्हा आपण होतो ना, तसं.

एकदा बोरगावचा एक बागवाला पेट्या घेऊन आला. कलकत्त्याचा माल होता. कलकत्त्याला हिरवट, कडक फळ जायचं, कारण रस्ता लांबचा. पिकलेलं, पिवळं फळ जवळच्या जबलपूरला. मुकादमांनी चौथी पेटी ठोकली आणि थांबले.

"भाऊ, वरती कच्चा, पोटात पिकला."

"काय बोलून राहिले मुकादम! माह्या हातानं भरली."

"हातानं भरली असन. डोये कुठं होते?"

पेटी उघडली. वरचे दोन थर हिरवे, खाली सगळं पिवळं धमक. बागवाला हसला, मुकादमही हसले आणि पेटी जबलपूरच्या ढिगात गेली. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना आपण हुशार म्हणत नाही. "सवय आहे त्यांना" म्हणतो. मी तेच म्हणायचे.

मग त्या वर्षी शेठजींनी मशीन आणलं.

नागपूरच्या एका इंजिनिअरने ते बनवलं होतं. लांब रबरी पट्टा, मोटरवर सरकणारा. पट्ट्याच्या मध्यावर पत्र्याची टोपी, टोपीखाली एक छोटा दिवा आणि त्याच्याशेजारी काचेचा गोल डोळा. पुढे एक लोखंडी हात. बिल्टीवर जबलपूर लिहिलेल्या, म्हणजे पिकलेल्या मालाच्या पेटीला मी पांढरी पट्टी चिकटवायची. पट्टीवरून उजेड परतला की डोळ्याला कळायचं, आणि लोखंडी हात त्या पेटीला डावीकडे, जबलपूरच्या दाराकडे ढकलायचा. पट्टी नसेल तर पेटी सरळ, कलकत्त्याच्या दाराकडे. माणसाने बघायचं काम नाही.

इंजिनिअर साहेबांनी हे सगळं मला उभं करून समजावलं. ते बोलत असताना मी त्यांच्या खिशातलं पेन, त्यांच्या मिशा आणि त्यांची बोटं पाहत होते. मी ऐकते आहे असं त्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं.

शेठजींनी तिथेच जाहीर केलं, "मशीन नीट चाललं तर दिवाळीनंतर चार माणसं पुरेत." आठांतली चार. हमाल एकमेकांकडे पाहू लागले. मुकादमांनी पट्ट्याला हात लावून पाहिला, गाईच्या पाठीला लावावा तसा.

"कसं वाटतं मुकादम?" मी मिरवत विचारलं. जणू मीच बनवलं होतं.

"चांगलं आहे. थकत नाही म्हणते."

"आणि चुकतही नाही."

"हो?" ते म्हणाले. "मंग आपल्यापेक्षा वेगळंच आहे."

आठ-दहा दिवस ते खरोखर चुकलं नाही. माझी मान इतकी ताठ झाली की आईने विचारलं, उशी बदलू का.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा. दरवर्षी गोदामात ती मीच करायची: वजनकाटा, हातगाडी, हमालांचे आकडे. मुकादम पूजा करत नसत, पण आपला आकडा काढून समोर ठेवत. "लावा बाई. तुमचं समाधान." दुसऱ्या दिवशी त्यांना नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं असे. म्हणून आदल्या दिवशीच त्यांचा पांढरा दुपट्टा धुऊन, कडक वाळवून खांद्यावर आलेला असे.

त्या सकाळी मी पाण्यात कुंकू कालवलं. काट्याला लावलं, हातगाडीला लावलं. मग मशीनपुढे आले. मोटरला लावावं तर ती तेलकट. पट्ट्याला लावावं तर तो सरकता. बाकी उरलं काय? टोपीखाली वाकून पाहिलं तर मधोमध गोल, चकचकीत काच. कपाळ नाही तर काय! मी चांगलं बोट बुडवून ठसठशीत टिळा लावला. वर हळदही लावली. हातही जोडले. नमस्कार करताना मनात इंजिनिअर साहेबच होते, तेवढं खरं सांगते.

पट्टा सुरू झाला.

अर्ध्या तासाने मुकादम कलकत्त्याच्या दाराकडून आले. "बाई, पांढऱ्या पट्टीच्या पेट्या माह्याकडं येऊन राहिल्या."

मी मानही वर केली नाही. "मुकादम, ती पट्टी तुमच्यासाठी नाही. मशीनसाठी आहे."

"ते ठीक आहे. पण पिकला माल कलकत्त्याच्या गाडीत चालला ना."

"मशीनने पाठवला असेल तर विचार करूनच पाठवला असेल."

हे वाक्य मी बोलले. आपल्या तोंडाने. आजही आठवलं की स्वतःच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. हात पोचत नाही म्हणून वाचते.

मुकादम वळले. मग गेले आणि त्यांनी सरळ बटण खाली पाडलं. पट्टा थांबला. जबलपूरच्या दाराशी एकही पेटी नव्हती, आणि कलकत्त्याचा ट्रक अर्धा भरला होता. पिकलेलं फळ तेवढ्या प्रवासात चिखल होऊन पोचलं असतं.

शेठजी घरच्या पूजेवरून धावत आले. इंजिनिअर साहेब सणाच्या फराळाला शेठजींकडेच होते, तेही आले. त्यांनी तारांची पेटी उघडली. एकेक तार ओढून पाहिली. घाम आला, मिशा ओल्या झाल्या, काही सापडेना. शेवटी ते म्हणाले, "शेठजी, मशीन बरोबर आहे. कोणीतरी हात लावलाय."

शेठजी वळले ते थेट हमालांकडे. "मालूम होतं मला! चार जण जाणार म्हणून मशीन बिघडवलं. आता आठही जा. उद्यापासून टोळी बंद."

आठांतला सगळ्यांत म्हातारा मटकन पोत्यावर बसला. मुकादम म्हणाले, "शेठजी, माह्या माणसानं हात लावला नाही."

"मग कोणी लावला?"

मुकादम पट्ट्याजवळ गेले. टोपीखाली वाकले. नाकाने हुंगलं. मग खांद्यावरचा तो धुतलेला दुपट्टा काढला, त्याच्या टोकाने काच पुसली आणि पांढऱ्या पट्टीची एक पेटी ठेवून बटण दाबलं. लोखंडी हात आला आणि पेटी सुरळीत डावीकडे गेली.

मी दुपट्ट्याकडे पाहिलं. टोकावर लालभडक डाग. मी आपलं लाल बोट मुठीत लपवलं.

"हे काय आहे?" शेठजी ओरडले.

"कुंकू आहे."

"कोणी घातलं?"

मुकादम गप्प. मुद्दाम दुपट्ट्याची घडी घालत राहिले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेठजींनीही माझ्याकडे पाहिलं नाही. शिकलेली बाई मशीनच्या डोळ्यात कुंकू घालणार नाही, अशी त्यांची खात्री होती. त्या खात्रीच्या सावलीत मी उभी होते, आणि सांगू का, सावली फार थंडगार होती. तिथेच राहावंसं वाटत होतं. इंजिनिअर साहेब तीन पावलांवर उभे. यांच्यासमोर सांगायचं? मी बिल्टीच्या पुस्तकाचा कोपरा दुमडत होते, उलगडत होते.

"बोला मुकादम! नाही तर निघा सगळे!"

मुकादमांनी ट्रकातल्या पेट्यांकडे पाहत घडी पुन्हा उलगडली. पुन्हा घातली.

"मी लावलं," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की शेठजींनी "काय?" विचारलं आणि मला तो अपमान दोनदा करून घ्यावा लागला. "मी लावलं. मला ते कपाळ वाटलं."

मग पोत्यावर बसलेला म्हातारा हसला आणि सगळं गोदाम फुटलं. इंजिनिअर साहेब म्हणाले, "मॅडम, मी तुम्हाला दोनदा समजावलं होतं." माझ्या आयुष्यातलं ते प्रेमप्रकरण तिथेच संपलं, त्यांना कळण्याआधी.

शेठजी हसले नाहीत. त्यांनी वाकून त्या काचेकडे पाहिलं. एका बोटाच्या कुंकवाने मशीन आंधळं होतं, आणि ते चुकलं हे ओळखायला माणूसच लागला, एवढं व्यापाऱ्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागत नाही. दुपारभर मुकादमांच्या टोळीने ट्रक रिकामा करून पेट्या हाताने वेगळ्या केल्या. मीही उचलल्या. दोन उचलल्या आणि तिसरी पायावर पाडली. मुकादम म्हणाले, "बाई, तुमी लिवा." दिवाळीनंतर कोणालाच काढलं नाही. पट्टा चालत राहिला, आणि दोन्ही दारांशी माणसं उभी राहिली. मला मात्र काट्यापलीकडे कशाचीही पूजा करायची बंदी झाली.

त्यानंतर मी लग्न होऊन पांढुर्ण्याला आले. त्या दिवसाची गोष्ट मी नवऱ्याला, मुलांना, शेजारणींना सांगत गेले, आणि दर खेपेला मुकादम थोडे अधिक मोठे होत गेले. टोळीची भाकर जात असतानाही ज्यांनी एका वेड्या पोरीचं नाव घेतलं नाही, असे देवमाणूस! सांगताना माझे डोळे भरून यायचे. छान वाटायचं.

आता नात नागपूरजवळच्या पार्सलच्या मोठ्या गोदामात काम करते. तिथे मशीनं स्वतःच फिरतात आणि फडताळंच्या फडताळं उचलून आणतात, म्हणे. मी तिला विचारलं, "आणि ठोकून कोण पाहतं?" ती म्हणाली, "आजी, कॅमेरा." मी म्हटलं, "त्याला हळदी-कुंकवापासून जप."

मुकादम जाऊन बरीच वर्षं झाली. जाण्याआधी एकदा मी रामाकोन्याला त्यांना भेटायला गेले होते. संत्र्यांची पिशवी नेली होती. ते अंगणात खाटेवर होते, मान तशीच रुंद, बाकी सगळे आटलेले. माझ्या पिशवीतलं एक संत्रं हातात घेऊन फिरवत होते. मी म्हटलं, "मुकादम, इतकी वर्षं सांगायचं राहिलं. त्या दिवशी तुम्ही माझं नाव घेतलं नाही. देवमाणूस आहात तुम्ही."

ते इतके हसले की सुनेला पाणी घेऊन धावत यावं लागलं. पाणी प्यायले, तोंड पुसलं आणि म्हणाले,

"कायचा देवमाणूस, बाई! माह्यामांगं आठ घरं होती. मी मनातल्या मनात पेट्या मोजून राहिलो होतो. वीस झाल्या का तुमचं नाव घेणार होतो. तुमी सतराव्या पेटीवर बोलल्या."