आधी कोण पिणार

शिंप्याच्या दुकानात तिला सगळे काजवाली म्हणत. बावीस वर्षं तिने दुसऱ्यांनी शिवलेल्या कपड्यांना काजं केली होती. आता मास्तरांचे गुडघे धरले, म्हणून नवरदेवाचा कोट पोचवायला आणि त्याच्या अंगावर घालून बघायला तीच निघाली होती. "कोट नीट बसवून आलीस, की उद्यापासून कात्री तुझ्या हातात," मास्तर म्हणाले होते. बहिणीने वेगळंच बजावलं होतं, "बसमध्ये कुणी दिलेलं तोंडाला लावू नकोस. शुद्धीवर येशील तेव्हा अंगावरचे कपडे तेवढे उरलेले असतील!"

घाटाच्या अलीकडे बसमध्ये शेजारी बसलेल्या म्हातारीने थर्मास उघडला. घरी वाळवलेल्या पानांचा चहा. वास पुदिन्यासारखा, पण जरा कडवट. एकच पेला. म्हातारी तो भरून देई, रिकामा परत घेई, पुढच्याला भरून देई. स्वतः मात्र घोटही घेत नव्हती.

"तुम्ही नाही घेत, मावशी?"

"ज्याचा थर्मास, तो शेवटी. या रस्त्यावरची रीतच आहे. घे, नाही म्हणू नये."

'बरी सोयीची रीत आहे,' काजवाली मनात म्हणाली. तिने पेला नुसता ओठांना लावला आणि म्हातारीची पाठ वळताच चहा पुढच्या सीटखाली ओतून टाकला. "छान आहे हो!"

सगळ्यांचं झालं तरी म्हातारीने थर्मास मिटूनच ठेवला. "जरा थांबून घेईन," म्हणाली.

अर्ध्या तासात बसभर माना कलंडल्या. समोरचा जाडा तर घोरायला लागला. 'गुंगीचंच होतं!' काजवालीने ताडलं. भरल्या पोटी दुपारी माणसं पेंगतातच, हे तिला सुचलंच नाही. पायांत धरलेली पिशवी तिने आणखी घट्ट आवळली. बस घाट चढू लागली. तेवढ्यात म्हातारी वाकली आणि तिचा हात थेट पिशवीवर गेला.

"चोर! सोडा ती पिशवी!"

जाडा दचकून उठला. "कुठाय? कुणाला धरू?"

म्हातारीने पिशवी उचलून काजवालीच्या मांडीवर ठेवली. "ओरड हवं तेवढं. पण आधी खाली बघ."

चढामुळे पुढच्या सीटखालचा ओघळ मागे, थेट तिच्या पायांशी आला होता. पिशवीचा तळ ओला झाला होता. तिने आतला कागद उलगडला. कागद भिजला होता. कोट कोरडा होता. तरी तिने एकेक काज बोटांनी चाचपलं.

"माझ्या चहाचा वास मला कळत नाही होय?" म्हातारी म्हणाली. "आणि म्हणे, छान आहे!"

बस खदखदून हसली. म्हातारीने पेला भरला, सगळ्यांदेखत आधी स्वतः अर्धा प्यायली आणि उरलेला पुढे केला.

"घे. तुझ्यासाठी रीत मोडली."

काजवालीने मान खाली घालून पेला रिकामा केला. चहा कडूच होता. दुसऱ्या हातातला पिशवीचा बंद मात्र तिने सोडला नाही.