काकांनी जेट विमान बघितलं

आमच्या शेजारच्या काकांची शिरोलीला फाउंड्री होती. जुनी मोटार घ्यायची असो की म्हैस, ते विकणाऱ्याच्या तोंडाकडेच जास्त वेळ बघत. एकदा त्यांना जुनं जेट विमान घ्यायची हौस आली. आठ माणसं बसतील एवढं. त्यातून काकूंना तिरुपतीला न्यायचं त्यांनी कबूलही करून टाकलं.

मुंबईच्या दलालाने गोऱ्या पायलटसकट विमान कोल्हापूरच्या धावपट्टीवर आणलं. "कॉन्व्हेंटची हायस, इंग्लिश बोलायला चल की," म्हणत काकांनी मला सोबत नेलं. चार लोकांत माझ्या तोंडून मराठीही फुटत नसे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"अगदी नव्यासारखं आहे, शेठ," दलाल म्हणाला.

काकांनी विमानाच्या पोटावर थाप मारली, वाकून चाकं बघितली आणि मग मला म्हणाले, "पोरी, त्या ड्रायवरला इचार, तुझ्या बायकूला ह्यात बसिवशील का म्हनावं."

मी जमिनीकडे बघत, जमेल तितक्या सभ्य इंग्रजीत विचारलं. पायलटने दलालाकडे पाहिलं, टोपी काढली आणि हळू आवाजात सांगितलं, "डावं इंजिन बदलल्याशिवाय नाही."

दलालाचा चेहरा उतरला. मी काकांना ते मराठीत सांगितलं. काका मात्र एकदम खुलले.

"इमान ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "ह्यो गडी पगार काय घेतो, ते इचार."