रिकामं ताट

ज्या घरातलं माणूस वर्षाच्या आत गेलेलं असतं, त्या घरात पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही. फराळ शेजारी आणून देतात. एरवी शेजारचं ताट रिकामं परत करायचं नसतं, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. दुखवट्याच्या घरानं मात्र ते रिकामंच द्यायचं. आमच्या चिकलठाण्याच्या कॉलनीत हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. म्हणून त्या वर्षी जे झालं ते चुकून झालं, असं मी कुणाला म्हणू देत नाही.

बाबा पावसाळ्यात काविळीनं गेले. त्याआधी सहा महिने कॉलनी आमच्याशी बोलत नव्हती. नामांतराचा वाद पेटला होता आणि गल्लीच्या बैठकीत बाबा उभं राहून म्हणाले होते, विद्यापीठाचं नाव बदललंच पाहिजे. वैजापूरकडच्या शेतीवाडीवाल्या घरातला माणूस असं बोलतो, हेच लोकांना झोंबलं. शेजारचे काका बाबांच्याच कारखान्यात, एकाच पाळीत. रोज बाबांच्या स्कूटरवर मागं बसून जायचे. दुसऱ्या दिवसापासून ते बसनं जाऊ लागले.

दिवाळीत काकूंच्या खिडकीतून चकलीचा वास थेट आमच्या घरात यायचा. आईनं फराळासाठी दोन डबे धुऊन, पुसून फळीवर ठेवले होते. दोन दिवस ते तसेच राहिले. तिसऱ्या दिवशी बाबांच्या खात्यातले एक कामगार, ज्यांच्या वस्तीच्या बाजूनं बाबा बोलले होते, सायकलला डबा अडकवून आले. आईनं तो रिकामा करून दिला आणि ते गेल्यावर पहिल्यांदा मोठ्यानं रडली. काकूंचं घर असंच सुनं होऊ दे, असं मी देवाला सांगितलं. मी बारा वर्षांची होते आणि मनापासून सांगितलं.

तीन वर्षांनी काका गेले. पाळी सुटल्यावर कारखान्याच्या दारातच छातीत कळ आली. मला वाईट वाटलं नाही. दिवाळी आली तशी मी आईला म्हणाले, खिडकी उघडी ठेवून तळू. तिनं खिडकी लावून घेतली. मग घरातलं सगळ्यात मोठं ताट काढलं, शीग लावून भरलं आणि मला सोबत घेऊन स्वतः गेली.

काकू दारातच रडायला लागल्या. "वहिनी, तुमच्या वख्ताला म्या काय बी आणलं नाय," म्हणाल्या.

"ठावं हाय," आई म्हणाली. "म्हणून तर आणलंय. खावा."

आणि तिथंच उभी राहिली. काकूंनी चकलीचा तुकडा तोंडात घातला. तो त्यांना गिळवेना. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, घाई केली नाही. चारही दिवस आम्ही ताट नेलं. चारही दिवस मी त्यांचा घास बघत उभी राहिले, आणि खोटं कशाला बोलू, माझं काळीज थंड झालं.

पुढच्या दिवाळीपासून काकू सगळ्यांच्या आधी आमच्याकडं ताट आणू लागल्या. आई त्यांना बसवायची, चहा द्यायची, आणि ताट पुसून रिकामंच त्यांच्या हातात द्यायची. कैक वर्षं असंच चाललं. एकदा त्यांनी विचारलंच, "आजून किती वर्सं, वहिनी?"

"आमची पहिली दिवाळी आजून झाली नाय," आई म्हणाली.

गेल्या वर्षी आई गेली. तेव्हा काकूंचं ताट मी रिकामं दिलं, तो रिवाजच होता. यंदा वर्ष फिरलं. काकू आता काठी टेकत येतात, तरी त्यांनी ताट आणलं. माझ्या घरात तळण झालं होतं, साखरेचा डबा हाताशी होता. काकूंनी डब्याकडं एकदा बघितलं, मग माझ्याकडं.

मी ताट पुसलं आणि तसंच त्यांच्या हातात दिलं.