बाईंच्या नावावर लावलेली चापट

हे मी घरात कधी बोललो नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला का सांगतोय, ते मलाच नीट कळत नाही.

मी बैलांचा व्यापारी. कुंभार पिंपळगावच्या बाजारात दुसऱ्याची जनावरं हाकत सुरुवात केली. शिक्षण चौथी — तेही अर्धी. गणित चुकलं म्हणून गुरुजींनी ओल्या फोकानं मारलं, वर म्हणाले, "जा, मेंढरं राख." मी गेलो तो परत फिरलो नाही. तो राग मात्र जपला.

म्हणून शाळा समितीचा अध्यक्ष झाल्यावर मुलांच्या शिस्तीचे नियम बदलायची वेळ आली, तेव्हा मी एकेक शब्द घासाघीस करून घेतला. छडी बंद. अंगठे धरणं बंद. मूल चुकलं तर आधी त्याला विचारायचं, मग पालकांना बोलवायचं. आणि जो शिक्षक हात उचलेल, त्याची बदली मागायची — ही ओळ माझी.

तिसरीच्या बाई म्हणाल्या, "भाऊ, अजून एक ओळ घाला. घरीही मारायचं नाही."

"मंग अध्यक्षाची बदली कुठं करायची?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. माझा तापटपणा गावाला माहीतच. मी हसलो नाही. ती ओळ घातली नाही, आणि बाईंवर डूख धरला — खोटं कशाला बोलू?

पुढे एका सकाळी माझ्या लेकीनं दावं सैल बांधलं, खोंड सुटलं. मी तिच्या कानाखाली मारली. आठ वर्षांची होती ती, त्याच बाईंच्या वर्गात. गालावर वळ घेऊनच शाळेत गेली. बाईंनी विचारलं तर गप्प. मग नियमाप्रमाणे त्यांनी मला बोलावलं. मी पोचलो तर वळाचं ऐकून समितीतले दोघं आधीच आलेले. एकानं पोरीचा गाल पाहिला, बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "मी नाही. तिलाच विचारा."

तेव्हा एक शब्द बोललो असतो तर?

आमच्या धंद्यात भाव तोंडानं ठरत नाही. रुमालाखाली हातात हात घ्यायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा. लेकीला मी हे खेळ म्हणून शिकवलं होतं. पूर्ण पंजा दाबला की सौदा कबूल, आता मागं फिरायचं नाही. मी तिच्याजवळ उभा राहिलो. तिचा हात हातात घेतला — वरून खांद्यावरचा रुमाल सोडला.

"बाईनं मारलं का गं, माय?" समितीतल्या त्या माणसानं विचारलं.

मी पंजा दाबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मान हलवली — हो.

पोरीला खोटं पाडायचं बाईंच्या जिवावर आलं असावं. ठरावावर पहिली सही माझी. त्यांची बदली झाली, आणि नव्या गावात त्यांच्याआधी ही गोष्ट पोचली, असं नंतर कानावर आलं. मारणारे गुरुजी कधीच निवृत्त झाले होते. मी सूड कुणावर उगवला? जिनं माझ्या पोरीसाठी एक ओळ मागितली, तिच्यावर.

लेक आता नववीत आहे. साधं "जेवलीस का" विचारलं तरी ती आधी माझ्या तोंडाकडे बघते. मग उत्तर देते.